भिंतीवरचं विमान

अस्वान

धाकट्या नबवियास रातिबाताईची दुवा.

मी बरी आहे, पोटभर जेवते. तुझ्या मुलांचा खोकला गेला का?

काल आमच्या ह्यांचा कॅमेरा घेऊन होडीने पलीकडच्या गावी गेले. नवरा हजहून परतला म्हणून आपल्या रीतीप्रमाणे दहीबा नावाची म्हातारी घराच्या भिंतीवर विमान रंगवत होती. तो शेजारी उभा होता. मी कॅमेरा रोखला तशी ती त्याला म्हणाली,

"विमानात रडलास, इथे तरी हस, म्हाताऱ्या!"

आमचे हे तर हजला जायच्या आधीच वारले. चुना लावून ठेवलेली भिंत कोरीच राहिली. मला तिचा इतका हेवा वाटला की फोटोत मी त्याला घेतलंच नाही.

तिने कॅमेऱ्यात डोकावून विचारलं, "अगं बाई, माझा माणूस कुठाय?"

मग दुसरा काढला. त्यात ती त्याच्या नाकाला रंग फासतेय. सगळ्यांत चांगला तोच आलाय. तो मात्र तुला पाठवत नाही, माझ्याजवळच ठेवतेय.

तुझ्या माणसाला जप.

तुझी,
रातिबा