अकराशे व्होल्टची वायर

२ ऑगस्ट

ती. बाबांना पोरीचा वाकून नमस्कार, वि. वि.

मी बरी आहे. हॉस्पिटलच्या वीज विभागातली माझी उमेदवारी संपायला महिना उरलाय.

एक गोष्ट मनात सलतेय. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी इथे नवी खोली होतेय. सहा काचेच्या पेट्या, आत ऊब देणारे हीटर. त्यांची वायर निवडायचं काम माझ्याकडे आलं. वायरीवर छापलं होतं अकराशे व्होल्ट. आपली वीज दोनशे तीसची. मला वाटलं, चौपटीहून जास्त मजबूत! ऐटीत सही केली. काल सहाही पेट्या एकदम लावल्या, तर तासाभरात वायर हाताला चांगलीच गरम लागली.

बाळं पंधरा तारखेला येणार. साहेबांना अजून बोलले नाही. चूक निघाली तर उमेदवारी तिथेच आटोपेल. पण अकराशे छापलंय ना, बाबा?

तुमची,
घाबरट लेक

६ ऑगस्ट

चि. लेकीस उदंड आशीर्वाद.

शेजारच्या शिंपीकाकांकडून लिहवून घेतोय. आपल्या घरात तुझ्याआधी कुणाला वाचता आलं नाही, म्हणून छापलेल्या अक्षराला आपण देव मानतो. चूक तिथे झाली.

मी चाळीस वर्षं जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार गुंडाळून भरतोय. तारेवर दोन गोष्टी बघतो. वरचं वार्निश आणि आतलं तांबं. व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा. तो बाहेर फुटू नये म्हणून वार्निश. तुझे अकराशे हे नुसत्या कवचाचं कौतुक. तांब्यातून वीज किती वाहते, ते अँपिअर. त्यासाठी तांबं जाड लागतं. कवच हत्तीचं आणि तांबं केसाएवढं असेल, तर तार तापणारच. वायर सोलून तांबं नखात धरून बघ.

आणि साहेबांना आजच सांग. चूक दाबून ठेवली की तिची लबाडी होते.

(शिंपीकाका: तुझ्या बापाने मला ‘अँपिअर’ तीनदा खोडायला लावलं. स्वतःला वाचता येत नाही, तरी म्हणतो अक्षर बारीक दिसतंय!)

लोभ आहेच, वाढवायला तू घरी ये.
बाबा

१० ऑगस्ट

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

तांबं नखात धरलं आणि लगेच कागदावर हिशेब मांडला. पेटीला सातशे वॉट, सहा पेट्यांना बेचाळीसशे. भागिले दोनशे तीस, म्हणजे अठरा अँपिअर. ही वायर दहालाच दमते! भागाकार मला शाळेपासून येतो. तो कशाचा आहे, हे आत्ता कळलं. जे मी पुस्तकात चार ओळींत पाठ केलं, ते तुमच्या बोटांना न वाचता ठाऊक! त्या रात्री मला तुमचे हातच दिसत होते.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः येऊन वायर चाचपली. मग म्हणाले, वायर बदला, आणि उमेदवारी तीन महिने वाढवा. काढलं नाही, हेच खूप.

जाड वायर टाकली. सहा तास चालवली. गार आहे.

तुमची,
लेक

१९ सप्टेंबर

ती. बाबांना मनापासून नमस्कार.

आज ऊर भरून आलाय. पहिलं बाळ आलं तेव्हा सव्वा किलोचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्याशा जिवाची स्वतःची ऊब जेमतेम तीन वॉट. मी चमकले. पेटीवर सातशे लिहिलंय आणि आत तीन! ती तीन वॉटची ऊब विझू नये म्हणून आपला सगळा खटाटोप. रोज वायरीला हात लावायचे आणि बाळाकडे बघत राहायचे.

आज ते दोन किलोचं झालं. बाईंनी पेटी बंद करायला सांगितली. बटण मी दाबलं, बाबा. पेटीच्या मीटरचा काटा शून्यावर आला. सगळ्या नर्स श्वास रोखून बाळाच्या थर्मामीटरकडे बघत होत्या. अर्धा तास, एक तास. पारा हलला नाही. बाळ स्वतःच्या जोरावर ऊबदार होतं.

त्याची आई त्याला छातीशी धरून घरी गेली.

तुमचीच