एका प्रश्नाचा तास

४ ऑगस्ट
प्रणालीचा मेसेज, थेट नॉर्वेहून. आणे गावची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिकडे एमबीए करतेय. "मॅडम, आज वर्गात तुमचाच तास! एका दुकानदाराशेजारी दिवसभर बसायचं, चारपर्यंत तोंड उघडायचं नाही, मग एकच प्रश्न. मला मासळीवाला मिळाला. एरिकसर शिकवतात."
माझं नाव घेतलं का, विचारलं.
मग, "बहुतेक नाही, मॅडम."

५ ऑगस्ट
एरिकसर. मागच्या हिवाळ्यात तीन आठवडे आमच्या कॉलेजात पाहुणे प्राध्यापक. ओझरला राहायचे, या तासाला माझ्या विद्यार्थ्यांबरोबर आळेफाट्याला यायचे. गॅरेज, हॉटेल, टायरवाले, सगळीकडे. वही कायम उघडी. तेव्हा वाटलं, किती नम्र माणूस! आता त्या वहीत नक्की काय काय गेलं...

९ ऑगस्ट
त्यांच्या कॉलेजची वेबसाइट शोधून वाचली. 'मौनाचा दिवस', संकल्पना: प्रा. एरिक. आणखी दोन देशांतल्या बिझनेस स्कूलनी तो तास घेतलाय म्हणे. मी सात वर्षं हेच करतेय, तर स्टाफरूममध्ये 'शेळके मॅडमची सहल' म्हणतात.
प्राचार्यांना दाखवलं. "अहो मॅडम, त्यांच्याशी करार व्हायचाय. आत्ता नको. कॉलेजचं नाव होतंय परदेशात."
म्हटलं, "कॉलेजचंही नाव कुठे नाहीये, सर. शोधलं मी."
ते समोरची फाइल चाळायला लागले. करार लिहून तयार असणार. मला विचारलेलं नाही.

१० ऑगस्ट
एरिकसरांना मेल. तीनदा लिहून खोडली. शेवटी दोनच ओळी: हा तास माझा आहे. तुम्हाला ते माहीत आहे.

१४ ऑगस्ट
फाट्यावर रशीदभाईंच्या गॅरेजला गेले, माझे विद्यार्थी दरवर्षी बसतात तिथे. प्रणालीनं त्यांना पाठवलेला व्हिडिओ ते एका ट्रक ड्रायव्हरला दाखवत होते. एरिकसरांनी इथे केलेलं चित्रण, तिकडच्या वर्गात पडद्यावर: रशीदभाई, हातात पाना.
"म्याडम, बघा की! गोरी पोरं मला बघत्यात."
"तुम्हाला विचारलं होतं का त्यांनी?"
"त्यात काय विचारायचं? लई भला माणूस. च्या पिऊन गेला."
माझा तोल गेला. "आपलं उचलून स्वतःचं म्हणून शिकवतो, भाऊ! हे चालतं तुम्हाला?"
ते हसले. "आपलं म्हंजी? तो नेम तर माझा. नव्या मिस्त्रीला मी पयल्या दिशी पान्याला हात लावू देत न्हाई. नुसतं बघ म्हणतो. सांजच्याला एक सवाल. तुमी पयल्यांदा आल्ता तवा मीच सांगितलं व्हतं. तुमी बी कुठं माझं नाव लिवलं?"
रागानं नाही म्हणाले. गंमत म्हणून.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून आल्यावर माझा जुना निबंध काढला. परिषदेत वाचलेला, बक्षीस मिळालेला. 'मी विकसित केलेली पद्धत.' मी.
रशीदभाई कुठेच नाहीत. 'एक स्थानिक व्यावसायिक' एवढं आहे, तळटीपेत.
खरंच विसरले होते का मी? की मुद्दामच...

१९ ऑगस्ट
एरिकसरांचं उत्तर. चूक मान्य, माफी. या तासाची नवीन पुस्तिका छापायला जातेय, त्यात माझं नाव घालतील. पद्धत कशी सुचली ते सविस्तर लिहून पाठवा, जुन्या नोंदीही पाठवा.
नोंदी कशाला? नाव घालायला नोंदी लागतात? आधी वाटलं, उरलंसुरलंही न्यायचंय. मग लिहायला बसले. 'ही पद्धत मला' इथेच अडकले.

२१ ऑगस्ट
कॉलेज सुटल्यावर परत गॅरेजला. सगळं सांगितलं. म्हटलं, "भाऊ, पुस्तिकेत तुमचं नाव घालायचंय. पूर्ण नाव सांगा, वडलांचं, आडनाव."
त्यांनी हात पुसले. पहिल्यांदाच माझ्याकडे तसं बघितलं, अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.
"पूर्ण नाव कशाला लागतंय, म्याडम? कुठं सही बिही घेणार न्हाई ना?"
"नाही हो."
"मग एवढ्या वर्सांनी आताच का?"
मी हातातली वही मिटली.
"थोरल्या पोराला इचारतो," म्हणाले आणि गाडीखाली गेले.