त्या सोमवारचा खोकला

बाबा, या फेब्रुवारीत तुम्ही गेल्याला बावीस वर्षं होतील, आणि मी आज लिहायला बसले आहे ते एका खोकल्याबद्दल. कुठला ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तो जन्मभर सांगत फिरलात, विहारात, कुणाकडे जेवायला गेलो की ताट समोर असताना, अगदी माझ्या लग्नात माइक हातात घेऊनसुद्धा. "माझ्या पोरीनं नऊ वर्षांची असताना एक जीव वाचवला," असं म्हणायचात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचात. मी खाली बघायचे. लोकांना वाटायचं, लाजली. त्या एका खोकल्यापायी तुम्ही बंदूक परत केलीत आणि पुन्हा म्हणून त्या रानात पाऊल टाकलं नाहीत. आता तुमचा नातू तीच गोष्ट शाळेसाठी लिहितोय. काल मी भांडी घासत होते, तर लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "मॉम, वेअर यू स्केअर्ड फॉर द डिअर?" मी "हो" म्हटलं आणि नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजात बरं असतं, पुढचं कुणी विचारत नाही.

इथे अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, बॉथेलला, घरामागे हरणं येतात, बाबा. माणसाला मुळीच भीत नाहीत. माझे गुलाब खातात आणि वर माझ्याकडेच बघत रवंथ करत उभी राहतात. तुम्ही असता तर हसला असता. कारण पेन्सिल्व्हेनियातल्या त्या एका हरणासाठी तुम्ही किती उपद्व्याप केले होते. त्या वर्षी तुम्ही सिटिझन झालात आणि लगेच शिकारीच्या क्लासला नाव घातलंत. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बारा-बारा वर्षांची गोरी पोरं, आणि त्यांच्या मधोमध टाय लावून तुम्ही, कारण क्लास म्हटला की टाय. मी मागच्या खुर्चीवर बसून होमवर्क करायचे. परीक्षेत तुम्ही पहिले आलात. घरी येऊन सांगितलंत तेव्हा आई म्हणाली, "एवढाल्या पोरांना हरवलंत, शाब्बास आहे तुमची." बंदूक तुमच्या कारखान्यातल्या फोरमनची होती आणि रानही त्याचंच. तो उंच, हळू बोलणारा माणूस. मी त्याला काका म्हणायचे आणि त्याला ते फार आवडायचं.

मी एकदा तुम्हाला विचारलं होतं, स्टेशन वॅगनमध्ये, की तुम्हाला हरीण कशाला मारायचंय. तेव्हा तुम्ही तुमच्या वडिलांचं, आबांचं सांगितलंत. चंद्रपूरकडचं आपलं गाव, चारी बाजूंनी सागाचं रान. मालगुजाराकडे पाहुणे आले की शिकार निघायची आणि आपल्या वस्तीतल्या माणसांना हाक्याला बोलावणं यायचं. ते काम नाही म्हणता यायचं नाही. पत्र्याचे डबे वाजवत, ओरडत, काट्याकुट्यांतून रान पिंजत जायचं आणि जनावर पलीकडे मचाणावर बसलेल्यांच्या पुढ्यात हाकलायचं. आबांनी तरुणपणी हेच केलं. मग फोटो काढायचे, त्यात आबा कधीच नसायचे. "तुझ्या आजानं शेकडो हरणं पाहिली," तुम्ही म्हणालात, "पण पाठीकडून. सगळी त्याच्यापासून पळत असलेली. मला एकदा असं पाहिजे, की मी गप बसलोय आणि जनावर माझ्याकडे तोंड करून येतंय." आणि त्याचा फोटो आबांना पाठवायचा, हे तुमचं ठरलेलं होतं. आबा तेव्हा गावी खाटेवर होते. कॅमेऱ्यात नवा रोल तुम्ही आठवडाभर आधीच घालून ठेवला होता.

 मला तेव्हा त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण सकाळी वंदनेला बसताना एक कळत होतं, की पहिलंच शील जीव न मारण्याचं आहे. मी ते बोलून दाखवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "विचार, अजून विचार." तुम्ही उदबत्तीची राख झटकलीत आणि म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे तुझा. आपण रविवारी कोंबडी खातो, तेव्हाही बरोबर असतो. माझ्याकडे उत्तर नाही, बाळा. पण तू चल माझ्यासोबत." तुम्ही असे होतात. माहीत नसलेल्या गोष्टीचं उत्तर तुम्ही कधी दिलं नाहीत.

मग फोडणीबंदी आली. शिकारीच्या आधीचे तीन दिवस घरात मोहरी तडतडली नाही. क्लासमध्ये तुम्हाला सांगितलं होतं की हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो. आपले कपडे तर फोडणीच्या वासात मुरलेले. तुम्ही दोघांचे कपडे खाण्याच्या सोड्यात धुतलेत, मागच्या अंगणात वाळवलेत आणि पाइनच्या डहाळ्यांबरोबर पिशवीत बांधून गॅरेजमध्ये ठेवलेत. शनिवारी माझ्या डोक्याला तेल नाही. आई उकडलेले बटाटे आणि ब्रेड वाढायची आणि फोनवर मावशीला सांगायची, "हरणाला ठसका लागू नये म्हणून आम्ही उपाशी आहोत." थँक्सगिव्हिंगचा टर्की फोरमनच्या घरून आला होता. तो मीठमिरीचा टर्की आपण रविवारपर्यंत खाल्ला.

सोमवारी शाळेला सुट्टी, कारखान्यालाही. तिकडे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे सणच. उजाडायच्या आत आपण रानाच्या तोंडाशी होतो, दोघांच्या अंगात भगभगीत केशरी जॅकेटं. तुम्ही मुठीतून थोडं पीठ सोडून वारा कुठून येतो ते बघता. वारा समोरून येतो आहे. तुम्ही मान हलवता आणि चालायला लागता. मी मागे. अंधार विरघळत चाललाय, ओकची पानं खाली पडून वाळलीत, त्यांच्यावर दव गोठलंय. "पाय टाकताना जमिनीला विचारून टाक," तुम्ही कुजबुजता, "आधी कड, मग तळवा." आबा मोहफुलं वेचायला जाताना असे चालायचे म्हणे. सागाचं वाळकं पान पापडासारखं मोडतं, त्यापुढे हे ओक काहीच नाही. मी तुमच्या पावलात पाऊल टाकते. तुमचं पाऊल केवढं मोठं, माझे दोन्ही बूट त्यात मावतात. धुकं कमरेपर्यंत आहे आणि तुम्ही त्यातून जाताय, पाय नसल्यासारखे. मला अजून स्वप्नात तुम्ही दिसता ते असेच, कमरेपासून वर, केशरी, आणि आवाज न करता पुढे पुढे जाणारे.

एका पडलेल्या ओकला टेकून आपण बसलो. तुम्ही जॅकेटच्या खिशात हातमोजे शोधायला हात घातलात आणि बाहेर निघाली फॉइलची पुडी. आईनं गुपचूप ठेवलेली भाकरी आणि लसणाची चटणी. तीन दिवसांची सगळी तपश्चर्या त्या पुडीत. तुमचा चेहरा आधी एवढासा झाला आणि मग तुम्ही हसायला लागलात, बिनआवाजाचं, खांदे गदगदा हलवत. फेकली तर वास राहणार, ठेवली तरी राहणार. मग आपण दोघांनी ती घाईघाईनं खाऊन टाकली आणि दव गोठलेल्या पानांनी तोंड पुसलं. तीन दिवसांनी तिखट पोटात गेलं. मला त्या रानातलं तेच सगळ्यात जास्त आवडलं, तुमचं ते हसणं आणि आपल्या दोघांची ती चोरी. मला वाटलं, आता असंच दिवसभर.

पण त्यानंतर तुम्ही गप्प झालात. नुसते गप्प नाही, तुम्ही तिथून निघूनच गेलात. बसला होतात माझ्याच शेजारी, तुमची बाही माझ्या बाहीला लागत होती, पण मी बोट ओढलं तरी तुम्ही वळला नाहीत. धुकं खालून पांढरं झालं, मग पिवळसर. एक खार उतरली आणि चढली. पाय बधिर झाले. किती वेळ गेला सांगता येत नाही, त्या वेळेला काटे नव्हते. आणि मग समोर, जिथे काहीच नव्हतं, तिथे हरीण होतं. आलेलं दिसलंच नाही. मोठा नर, शिंगांवर दव, नाकातून वाफ. त्यानं एक पाऊल टाकलं, थांबलं, मान उचलली आणि सरळ आपल्याकडे तोंड केलं. चटणीचा वास आला नसावा, वारा अजून समोरूनच होता. एक एक पाऊल करत ते आपल्याकडे यायला लागलं.

मी तुमच्याकडे पाहिलं. बंदूक खांद्याला होती, पण तुमचा चेहरा शिकाऱ्यासारखा नव्हता. ओठ थोडे उघडे. डोळ्यांत पाणी. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात, इतके पूर्ण, की तुमच्यात दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती. बोट चापावर गेलं.

आणि मी खोकले.

मला सर्दी नव्हती, घशात काही अडकलं नव्हतं. हरीण एकदा फुरफुरलं, शेपटीचा पांढरा झेंडा वर गेला आणि झाडांत मिसळून गेलं. दिसली ती पाठच. तुम्ही बंदूक खाली केलीत, सेफ्टीचा खटका लावलात, मग माझ्याकडे वळलात. "मुद्दाम केलंस?" मी होकाराची मान हलवली. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही माझा चेहरा दोन्ही हातांत धरलात, तुमचे हात गार होते, आणि विचारलंत, "दया आली तुला त्याची?" मी पुन्हा मान हलवली. बाबा, ती दुसऱ्यांदा हललेली मान. सगळं तिथे झालं.

तुम्ही फोरमनला सांगितलंत, बायकोच्या लसणाच्या चटणीनं घात केला. तो पोट धरून हसला, आणि आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. बंदूक त्याच संध्याकाळी परत गेली. त्यानं दरवर्षी बोलावलं, तुम्ही दरवर्षी नाही म्हणालात. "माझ्या घरात उत्तर आलंय," असं आईला म्हणालात. कॅमेऱ्यातला तो रोल माझ्या वाढदिवसाला संपवला. आबांना तुम्ही एरोग्राम पाठवलात, नात खोकली, तिला हरणाची करुणा आली म्हणून. आबांनी शेजारच्या मास्तरांकडून लिहवून उत्तर पाठवलं: तिकडे थंडी फार असते असं ऐकतो, पोरीला खोकला झालाय तर स्वेटर घालत जा. तुम्ही ते वाचून खूप हसलात. उन्हाळ्याच्या आधी आबा गेले. फोटोशिवाय गेले. त्या दिवशी तुम्ही गॅरेजमध्ये बराच वेळ होतात. मी दारापर्यंत आले होते सांगायला, आणि परत गेले.

तर ते आता सांगते. मला त्या हरणाची दया आली नव्हती. एवढीसुद्धा नाही. मला त्याचा राग आला होता. माझ्याशी बोलताना तुमच्या हातात नेहमी मशीनची ड्रॉइंग्ज असायची, किंवा पेपर, किंवा नुसता थकवा. माझ्याकडे तुम्ही कधी तसं बघितलं नव्हतं, ओठ उघडे ठेवून, श्वास धरून. मला ते हरीण तिथून जायला हवं होतं. बंदुकीपासून नाही, तुमच्यापासून. आणि ते गेल्यावर तुम्ही वळलात, माझा चेहरा धरलात आणि माझ्याकडे बघितलंत, तसंच, जसं त्याच्याकडे बघत होतात. तेव्हा तुम्ही काहीही विचारलं असतं तरी मी मान हलवली असती. आबांनी तरुणपणी हाका घातला तो दुसऱ्यांच्या जबरदस्तीनं, दुसऱ्यांसाठी. मी एकदाच घातला, तोही तुमच्याविरुद्ध, स्वतःसाठी. आणि तुम्ही त्यालाच करुणा समजून मिरवलंत.

मला वाईट वाटतं, बाबा. आबांच्या फोटोचं सगळ्यात जास्त. आज संध्याकाळी पोरानं पुन्हा विचारलं तर नळ सोडायचा नाही, असं ठरवलंय, बघू. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. माफी मागायला म्हणून बसले होते, पण मागता येत नाही. तुम्ही मला पुन्हा त्या ओकपाशी बसवलंत आणि ते हरीण पुन्हा तसंच समोरून आलं, तर मी खोकेन.