आईंची सुई

३ तारीख, सोमवार

आज दुकानात चार कुत्रे भादरले! शेवटचा राठ, आखूड केसांचा. मशीनने कापलेले केस सुयांसारखे माझ्या बोटांच्या बेचक्यांत घुसले.

दारातच आईंनी हात ओढला. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) "केस कसला, कुसळ म्हण! बस इथं." कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं हात, मग उकळलेली सुई. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले त्यांनी — सुईचा काय तो रुबाब! "निघालं बघ!"

निघालं नव्हतं. सुई भलतीकडेच टोचत होती. "हो, निघालं," म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन चिकटपट्टी लावून ओढली. तीन केस आले, एक आत राहिला.

५ तारीख

चिकटपट्टी संपली. आईंचा उत्साह नाही संपला.

८ तारीख

नणंदेचा फोन. "आईला दिसत नाही म्हणे. तू दिवसभर दुकानात. मी नेते तिला." मी फाडकन म्हणाले, "दिसत नाही? माझ्या हातातली कुसळं काढतात त्या!"

किती सफाईदार खोटं! हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्याही गेल्या तर कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायचं? नको गं बाई.

१३ तारीख

बोट सुजून टम्म. आत राहिलेला केस पिकला. डॉक्टरांनी चीर देऊन काढला, वर मला झापलं — "लाल झालं तेव्हाच यायचं! घरी कोरत काय बसता?"

आईंनी पट्टीवरून बोट चाचपलं. तोंड एवढंसं झालं. जेवल्याच नाहीत.

१४ तारीख

दुसरा हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तूच बघ."

"डोळे दाखवू या, आई."

"म्हणजे मग ती नेणार मला."

"नेते कशी, बघतेच!" — बोलले खरी.

१८ तारीख

डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेलाय. उजव्यात मोतीबिंदू, तो काढता येईल. नणंदेला कळवलं — शस्त्रक्रिया इथेच, आई इथेच.

दवाखान्याच्या पायरीवर विचारलं, "दिसत नव्हतं, मग रोज सुई कशाला घ्यायचात?"

"सुई ठेवून दिली असती, तर तू रोज हात दिला असतास का?"