डाव्या पंखावरचं कुंकू

शनिवार पेठ, पुणे
९ मार्च

चि. ऋतिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचल्याचा तुझा फोन आला. पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू गिळतेस. म्हणून हे पत्र. खालची नम्रता याचा फोटो काढून तुला धाडेल. तूही कागदावर लिहून फोटो पाठव. टाइप केलेलं कुणी वाचत नाही, नुसतं बघतात.

तुझ्या स्वतःच्या, रबराच्या पिळावर उडणाऱ्या चिमुकल्या विमानांबद्दल मला काही सांगायचं नाही. तुझा हात आता माझ्यापेक्षा बरा आहे. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. बोलायचंय ते निळ्या खोक्यातल्या विमानाबद्दल. तुझ्या दादाने, रणजितने, ते याच जागतिक स्पर्धेसाठी बांधलं, आणि तीन आठवडे उरले असताना मांजरी गावच्या गोदामात जुनी विमानं घेऊन सरावाला जाताना तो रस्त्यावरच टँकरखाली गेला. हे घरीच राहिलं होतं, तेव्हापासून दोन वर्षं फडताळात होतं. एकदाही उडालेलं नाही.

तुझी आई म्हणते, त्याच्या हातचं एवढंच उरलंय, मोडलं तर? अगं, विमान आहे ते, मुरत ठेवायला लोणचं नव्हे. सहा उड्डाणांतली सर्वांत जास्त वेळ हवेत टिकलेली दोनच धरतात. एक त्याला दे. ते हवेत गेलेलं मला एकदा बघायचंय, नंबर-बिंबर येवो न येवो. रबराला चौदाशे पीळ दे, त्यावर जाऊ नको. पंखाच्या पापुद्र्याला बोट लावू नको. घसा सांभाळ, आणि या म्हाताऱ्याची आठवण असू दे.

तुझा,
बाबा


मिठाची खाण, रुमानिया
११ मार्च

ती. बाबांस ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

ही खाण म्हणजे कमाल आहे. जमिनीच्या पोटात मिठाचा हॉल, छत पंधरा-सोळा मजले उंच, आणि हवा जवळजवळ ठप्प. तुम्ही असतात तर वर यायचं नाव काढलं नसतंत.

आज निळं खोकं उघडलं. बाबा, डाव्या पंखावर कुंकू आहे. ओलं बोट टेकवलेलं. वाळताना पापुद्रा आक्रसलाय आणि पंखाचं टोक पिळवटलंय. अख्खं विमान दीड ग्रॅमचंही नाही, त्यात हा ठिपका म्हणजे खांद्यावर गोणीच. तुम्ही हे करणार नाही, म्हणजे आई. आधी रडले, मग इतकी चिडले की काय सांगू! एवढी वर्षं आपल्या घरात काढून तिला कळू नये?

पापुद्रा काढून नवा चढवता येईल, पण मग दादाने चढवलेला जाईल. तसंच उडवलं तर पडेल. परवा पहिली फेरी आहे, काय करू ते लगेच कळवा. आईला मात्र रागावू नका. मीच आल्यावर भांडेन.

तुमचा आशीर्वाद पाठीशी धरून आहे,
ऋतिका


शनिवार पेठ
१२ मार्च

चि. ऋतिका, तुला आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, रागावू नका हेसुद्धा, आणि मग रागावले. काय बोलले ते लिहवत नाही. आज जेवलेही बाहेरच्या खोलीत, एकटे.

हो, मीच लावलं. तू आंघोळीला गेलीस तेव्हा. रणजित खोकं घेऊन निघाला की मी झाकणावर कुंकू लावायची, मगच तो जिना उतरायचा. त्या एका दिवशी राहिलं. मी आतून ओरडले, थांब रे, आलेच. बाहेर येते तर गेलेला. आदल्या दिवशी आमचं थोडं वाजलं होतं, रुसून गेला असणार. दोन वर्षं हेच डोक्यात आहे, बाई. या खेपेला वाटलं, झाकण काय, नुसता पुठ्ठा. आतल्यालाच लावावं. बोट नुसतं टेकवलं गं. नाजूक असतं हे तीस वर्षं ऐकतेय, पण हात ऐकेना.

आता तुला हवं ते कर. काप, नवा पापुद्रा लाव, मोडलं तरी चालेल. जपून ठेवा म्हणणारी मीच होते, आता मीच म्हणते, उडव. वेळ मात्र सेकंदासकट कळव. तो तशीच सांगायचा. रोज काहीतरी गरम खा.

तुझीच,
आई


रुमानिया
१४ मार्च

ती. सौ. आईस सा. न.

बाबांचं उत्तर आलं नाही, म्हणून मीच ठरवलं. काही कापलं नाही. कुंकूही तसंच ठेवलं. उजव्या पंखाच्या टोकाला मातीचा कण चिकटवून तोल साधला, चौदाशे पीळ दिले आणि सोडलं.

आई, ते गेलं गं! इतकं सावकाश, की तू निवांत बसून मेथी निवडावीस. सतरा मिनिटं वीस सेकंद. मग भिंतीला लागलं आणि खाली आलं ते पंख मोडून. शेजारचे पोलंडचे आजोबा म्हणाले की जिन्याकडून हवेचा झोत येतो, त्याने ओढलं. कुंकवाचा काही संबंध नाही, खरंच. मी उगीच चिडले, माफ कर. माझा नंबर एकविसावा आला. तुकडे खोक्यात घालून आणतेय. व्हिडिओ नम्रताला पाठवलाय, दोघांनी मिळून बघा.

तुझ्या मांडीवर डोकं ठेवायला आतुर,
ऋतिका


शनिवार पेठ
१६ मार्च

चि. ऋतिका हिस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र नम्रताकडे देत नाही. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाठवेल. तो वाचत नाही, पानं मोजतो.

व्हिडिओ तीनदा बघितला. चौथ्यांदा दिसेना. रडलो, असं सरळ लिहितो. पोराने काय बांधलं होतं!

ते विमान पंचवीस मिनिटांच्या आत खाली येणारं नव्हतं. कुंकवानेच पाडलं. झोत-बित काही नाही. तू आईला खोटं लिहिलंस, छान केलंस. ते वाचून ती चार दिवसांनी नीट जेवली.

मीही तिच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. रणजित रुसून गेला नव्हता. तिची हाक त्याने ऐकली, खोकं खाली ठेवलं आणि दारात थांबला. मीच म्हणालो, तिचं चालूच असतं, ऊन चढलं की गोदामातली हवा हलते, तू नीघ. खोकं उचलून त्याच्या हातात मी दिलं. पाच मिनिटं थांबला असता तर तो टँकर पुढे निघून गेला असता.

दोन वर्षं तिला रुसव्याचंच वाटू दिलं. आणि त्या दिवशी तुझं पहिलं पत्र वाचून तिलाच बोललो की तुझ्या कुंकवाने आता त्याचं विमानही खाल्लं.

हे तिला सांगायचंय. काल दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. तू आलीस की माझ्या शेजारी बस. मी बोलायला लागलो की उठून जाऊ नको.

हे वाचूनही माया उरली तर राहू दे.

तुझा,
बाबा