गुलाबी बाटली

लोहारा, ३ मार्च १९८६

चि. शारदा हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काकूच्या तपासणीचा तुझा कागद मिळाला. दोनदा वाचला आणि घडी घालून औषधांच्या कपाटात ठेवला. चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, तरी पोटातली गाठ पसरली आहे हे बायकोबद्दल वाचताना अक्षरं ओळखीची वाटेनात.

काकूला यातलं काही सांगायचं नाही. हैदराबादेत आम्हाला शिकवलं ते हेच, की खरं काय ते नातेवाइकांना सांगावं आणि रोग्याला उमेद द्यावी. ज्यांचं काही होण्यासारखं नसतं त्यांना मी आजवर गुलाबी बाटलीच देत आलो. साखरेचा पाक, गुलाबपाणी, थोडा रंग. परवापासून काकूलाही ताकदीचं औषध म्हणून तीच सुरू केली आहे. बिचारी मुकाट्यानं घेते. पुढच्या आठवड्यात किरणांचे शेक घ्यायला ती तुझ्याकडे येईल, तेव्हा नुसती सूज आहे असं सांग.

इकडे टँकर दोन दिवसांआड येतो. दूध सोसायटीच्या कट्ट्यावर हल्ली कॅनपेक्षा माणसंच जास्त दिसतात. दुपारी सगळं गाव आडवं होतं, आणि मला डोळा लागता लागता कुठूनसा पाण्याचा आवाज येत राहतो. माझ्यावर लोभ असेल तर एवढं ऐक.

तुझा अण्णा

*

सोलापूर, ७ मार्च

ती. अण्णांस शारदेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग तुमच्यावर रागावले, मग चहा करून पुन्हा वाचलं. तुमच्या टेबलाखाली बसून खेळता खेळता मी डॉक्टर व्हायचं ठरवलं. तुमचा शब्द मोडायचा म्हणजे मला सोपं नाही.

पण नियम बदललेत, अण्णा. तुम्हीच सांगत होतात, तुमच्या उमेदवारीत बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याचा अंगठा घेत आणि तिला विचारतसुद्धा नसत. आता शेकाच्या फॉर्मवर काकू स्वतः सही करणार आहे. कशावर सही करतेय हे तिला कळायला नको का? आमचे सर म्हणतात, शरीर जिचं, तिला आधी कळलं पाहिजे. मी आपण होऊन तोंड उघडणार नाही. पण काकूनं विचारलंच तर माझ्यानं खोटं बोलवणार नाही. त्याआधी तुम्हीच सांगा ना.

रागावलात तरी पत्र पाठवा. रागाचंही चालेल.

तुमची शारदा

*

लोहारा, ११ मार्च

चि. शारदास आशीर्वाद. वि. वि.

रागाचंच पत्र आहे. तुमच्या पुस्तकात धोंडप्पा नाही म्हणून तुम्हाला हे सुचतं.

दवाखाना काढला त्या पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला. धोंडप्पा तेल्याला समोर बसवून सांगितलं, तुला महिनाभर आहे. तो घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. आठ दिवसांत संपला. मी रोज जाई, तो वळून बघत नसे. ती पाठ मला अजून दिसते. त्यानंतर मी शपथ घेतली की कुणाला असं सांगायचं नाही, आणि मगच ती गुलाबी बाटली केली.

तुझ्या काकूनं भिंतीकडे तोंड केलेलं मला बघवणार नाही. हे डॉक्टर म्हणून लिहीत नाही. उद्या तिला गाडीत बसवतो. सांभाळ, आणि तिच्याइतकंच मलाही सांभाळ.

अण्णा

*

सोलापूर, २२ मार्च

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

शेक चालू आहेत. काकू थकते, पण माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतकी ताकद आहे. मी तिला काही सांगितलं नाही. तिनं मला काही विचारलंही नाही.

उलट तिनंच मला काही सांगितलं. काय, ते मी लिहिणार नाही. रोग्यानं विश्वासानं सांगितलेलं घरच्यांनाही कळता कामा नये, हा नियम मी तुमच्याकडूनच शिकले आणि तो अजून बदललेला नाही. तिनं स्वतः लिहिलेला कागद सोबत आहे. मी वाचलेला नाही. तुम्ही सावकाश वाचा.

शारदा

*

तीर्थस्वरूप डॉक्टरसाहेबांस सिद्धम्माचा नमस्कार.

जन्मभर एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली, हसू नका. तोंडानं बोलायचं म्हणलं की तुमचा चेहरा बघून माझं धाडस होत न्हाय.

चाळीस वर्षं तुमच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या कुणी चिकटवल्या? म्याच. पिठाची खळ म्याच केली. गुलाबी बाटली कुणाच्या घरी जाती आन् पुढं त्या घरी काय होतं, हे मला ठाऊक न्हाय व्हय? तुम्ही ती माझ्यापुढं ठेवली तवाच मला कळलं. पट्टी तुम्ही स्वतः चिकटवली होती, ती बी वाकडी.

हल्ली दुपारी डोळा लागला की आपल्या ओसरीवर सगळी जमतात. आड काठोकाठ भरलेला असतो. ज्यांनी ज्यांनी गुलाबी औषध घेतलं ती सगळी बाटल्या धुऊन परत द्यायला येतात, आन् काहीतरी विचारायचं राहिल्यासारखी उभी राहतात. एकटा धोंडप्पा मोकळ्या हातानं येतो आन् कट्ट्यावर निवांत बसतो.

त्याची गोष्ट तुम्ही समद्यांना सांगता. तुम्ही पाठच बघितली. म्या दुपारी ताक घेऊन जायची. त्यानं नळदुर्गाहून लेक बोलावून घेतली होती. भिंतीकडं ती बसलेली असायची, तुमची चाहूल लागली की तेवढी आत जायची. आठ दिवस दोघं लई बोलली. तुमच्या मनाला लागंल म्हणून तवा बोलले न्हाय, मग राहूनच गेलं.

मला मरणाचं भ्या न्हाय. बाटली आल्यापासून तुम्ही माझ्यासंगं पेशंटशी बोलल्यावानी गोड बोलता, त्याचं भ्या वाटतं. भाजीत मीठ जास्त झालं तरी रागवत न्हाय. शनिवारी येते. स्टँडवर या, आन् काय हाय ते तुमच्या तोंडानं सांगा. माया हाय तशी असू द्या.

सिद्धम्मा

*

लोहारा, ३१ मार्च

चि. शारदास अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी दोन तास आधीच स्टँडवर जाऊन बसलो. काकू उतरली. लिंबाखाली तिला बसवून सगळं सांगितलं. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिनं ऐकून घेतलं. किती महिने, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग भर स्टँडवर मीच रडलो, आणि तिनं पदरानं माझा चष्मा पुसून दिला. घरी येईपर्यंत ती तुझ्या भाकरीबद्दल बोलत होती.

तुमचे नवे नियम कागदावर उतरवून पाठव. सगळे पटतील असं नाही, पण वाचीन. धोंडप्पाची लेक नळदुर्गात अजून आहे म्हणे. तिला एकदा भेटून यायचं आहे, काकूही येते म्हणाली.

संध्याकाळी गुलाबी बाटली ओतून द्यायला उचलली तर काकूनं हातातून घेतली. दुष्काळात साखर फेकू नये म्हणाली. माठातलं पाणी घालून दोन पेल्यांत सारखं वाटलं आणि आम्ही ओसरीवर बसून प्यालो. चाळीस वर्षं लोकांना देत आलो, पण स्वतः कधी चाखलं नव्हतं. फारच गोड होतं गं.

येत जा. आता या घरात काही लपवायचं नाही, तेव्हा कधीही ये.

तुझा अण्णा