बर्फाच्या कारखान्याला अट नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, बर्फाच्या कारखान्याची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी कालच तपासलं. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणा माणसाचा दबाव नाही. उन्हाळ्याचा आहे, पण तो चाळीस वर्षं आहे.

१. कारखाना मला सासऱ्यांच्या मृत्युपत्राने मिळाला. अट अशी, की मी जिवंत असेपर्यंत तो विकायचा नाही आणि उन्हाळ्यात एक दिवसही बंद ठेवायचा नाही. ऊन कधी तापेल ते कोणाच्या हातात नसतं. म्हणून दोन महिने आधीपासून अमोनियाची गळती तपासायची, मिठाचं पाणी बदलायचं, लाद्यांचे साचे ठोकून सरळ करायचे आणि वाट बघत बसायचं. अशाच एका तापलेल्या आठवड्यात माझी आई गेली. मी चौथ्या दिवशी पोचले.

२. परवा साचे घासता घासता सूनबाई म्हणाली, "आई, माझे बाबा अंथरुणाला खिळलेत. पंधरा दिवस जाऊन येऊ?"

"सीझन झाला की जा," माझ्या तोंडून निघून गेलं. सासूबाई मला हेच म्हणाल्या होत्या.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तिला म्हटलं, "जा तू. मी बघते."

"तुम्हाला जिना चढवत नाही आणि ह्यांना एकट्याला यंत्र आवरत नाही," ती म्हणाली. भरलेली बॅग तिने रिकामी केली.

३. म्हणून कारखाना मुलाला आणि सुनेला निम्मा निम्मा देते, कोणतीही अट न घालता. विकावा, मोडीत काढावा, भर उन्हात कुलूप लावून निघून जावं. एकाला नको झाला तर दुसऱ्याने त्याला धरून ठेवू नये. राहतं घर एकट्या सुनेचं.

४. धाकटे दीर दर उन्हाळ्यात थंड हवेच्या गावातून फोन करतात, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त." त्यांना सासऱ्यांची आरामखुर्ची. ती नव्यासारखी आहे. मला बसायला सवड झाली नाही.

हा मजकूर मी दोनदा वाचला, तो मला मान्य आहे. यंत्र आज सुरू केलं. आता ते मध्ये थांबवता येत नाही. त्याने टेबल हलतं, म्हणून सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे.

(सही)

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही), कॉम्प्रेसरचे मिस्त्री (सही)

ठिकाण: कारखान्याचं ऑफिस
दिनांक: तीन मार्च